पोटावरची पिशवी घेऊन ऊर्जानगरला

एसटीत चढताना मला सामानाची नाही, पोटावरच्या पिशवीची काळजी होती. नवरा खाली उभा होता. "जाय, बरी होऊन ये," एवढंच म्हणाला. गाडी सुटली तशी मी पदराआडून पिशवी धरली ती उतरेपर्यंत सोडली नाही.

आतड्यातली गाठ काढताना डॉक्टरांनी माझी शौचाची वाट पोटावर काढली, कायमची. तिथे चकती चिकटवायची आणि चकतीला पिशवी लावायची. गावी परतले तेव्हा चकतीखालची कातडी सोलून लाल झाली होती. आमच्याकडे फुटलेल्या टाचेपासून भाजल्यापर्यंत सगळ्यावर एकच औषध, मोहाच्या बियांचं तेल. सासूबाईंनी तेच रोज स्वतःच्या बोटांनी लावलं. "लाजू नोको पोरी, हे कोनाले नाई?" म्हणायच्या. नवऱ्याने तोवर तिकडे पाहिलंही नव्हतं. पण तेलावर चकती टिकत नाही, हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही.

धानाची रोवणी लागली आणि मी हट्टाने चिखल केलेल्या बांधीत, धानाच्या तुकड्यात, उतरले. ओळीत वाकून धान लावता लावता चकती सुटली, सगळं चिखलात सांडलं. कोणी हसलं नाही की नाक मुरडलं नाही. बायका फक्त बांधीच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. त्यानंतर मला रोवणीचं बोलावणं आलं नाही. शेवटी नवऱ्याने ऊर्जानगरच्या माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिचा नवरा तिथल्या वीजकेंद्रात आहे, जवळच मोठा दवाखाना आहे.

इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला सगळं शिकवलं. कोमट पाण्याने पुसायचं, कातडी पूर्ण कोरडी करायची, चकतीचं भोक मापून कापायचं, चकती तळहातात उबवून दाबून बसवायची. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. तेलाचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. आता चकती चार दिवस हलत नाही, मेच्या उन्हात दोन.

बहीण वाईट नाही. पण मी बाथरूम घासून बाहेर आले की ती फिनाईल घेऊन आत शिरते. पाहुणे यायचे असले की मी आदल्या दिवसापासून जेवत नाही. अशी उपाशी किती वर्षं काढायची, कोणास ठाऊक.

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. त्या असत्या तर मी विचारलंच नसतं, सरळ गेले असते. यंदा धानाचे पऱ्हे, रोवायची रोपं, तयार झाल्याचं कळलं तेव्हा नवऱ्याला फोन केला.

"आता चकती पक्की बसते जी. रोवणीले येऊ का?"

तो म्हणाला, "तिथीच राय ना. तिथी नळ हाये."

"मले विहिरीचं पानी चालते."

"पान्याचं नाई वं. तू असशीन त बायका आपल्या बांधीत येत नाई म्हनते."

त्याचा तरी काय दोष? एकट्याने रोवणी होत नाही. मी फोन ठेवला, बाथरूमची कडी लावली आणि बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले. बरी होऊन काय मिळवलं मी?

गावच्या बायांनो, मला दारात तोरण नको, पाहुणचार नको. ही पिशवी बदलताना आतून कडी लावावी लागणार नाही, ते माझं घर. असं घर तुमच्याकडे राहिलं नाही आणि इथे झालं नाही.