हजार रुपयांचा साकव

डोळा लागतोय की लागलाय, ते ठरवता येत नाही. छापखान्यातल्या लाकडी बाकावर मी आडवा झालोय, उशाला अर्थसंकल्पाच्या प्रुफांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा आहे आणि दुपारचे तीन वाजलेत. यंत्राची घरघर एकसारखी चालू आहे. तीन आठवडे मी घरी फक्त कपडे बदलायला जातोय. परवा सभागृहात मंत्रीसाहेबांचं भाषण, आणि त्यातलं मुख्य वाक्य त्यांनी आकडे हाती यायच्या आधीच ठरवून टाकलंय: एका पैशाचीही करवाढ नाही. म्हणजे आधी पत्रिका छापली आणि मग नवरी शोधायला निघालो.

शोधायचं काम आमच्या खात्याकडे. पगार, पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही. शहरातले उड्डाणपूल साहेबांना हवेतच. उरतात बारीकसारीक कामं. ती आम्ही मारत नाही, एवढे काही आम्ही वाईट नाही. यादीत नाव ठेवतो आणि पुढे एक हजार रुपये लिहितो. लाक्षणिक तरतूद म्हणतात तिला. हजारात कामाची पाटीसुद्धा उभी राहत नाही, पण नाव छापून येतं, आमदाराला गावात दाखवायला होतं, आणि पुढेमागे पैसे आले तर काम जिवंत असतं. यंदा अशी चारशे बारा कामं आहेत. त्यातली एक ओळ आमच्या वाडीच्या साकवाची, ओढ्यावरच्या पायपुलाची. गेल्या वर्षीही ती होती. मीच घातली होती.

पाच वाजता शेवटच्या प्रुफावर माझी सही, की छपाई सुरू.

यंत्राची घरघर थांबत नाही, नुसती ओली होते.

"जेवलाव काय वो भावजी?"

बाकाच्या टोकाला सुगंधा वहिनी बसलीय. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, मांडीवर सुंभाची गुंडाळी. मी सात वर्षांचा असताना ती दादाची बायको होऊन आमच्या घरात आली, माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि तरी मला शेवटपर्यंत अहोजाहोच करत राहिली. गेल्या आषाढात ती गेली. हे मला या क्षणीही माहीत आहे. भीती वाटत नाही, लाज वाटते.

"जेवलो," मी खोटं सांगतो.

"काय जेवलाव?"

ती हसते आणि सरकून मला जागा करून देते. आता बाक सभागृहातला आहे, वरच्या सज्जातला, जिथे आम्ही अधिकारी बसतो. खाली साहेब वाचतायत. करवाढ नाही म्हटल्याबरोबर सगळे सदस्य बाकं वाजवू लागतात.

"कर वाढवला न्हाय?" वहिनी मनापासून म्हणते. "बरं केलंव. गरिबाला बरं."

बाकं वाजत राहतात. थांबतच नाहीत. आमच्याकडे ओढ्याला पऱ्या म्हणतात, आणि पऱ्याला पूर आला की तळातले धोंडे एकमेकांवर आपटत जातात. हा तो आवाज आहे. मी वाकून पाहतो तर खाली सदस्य नाहीत, तांबडं पाणी आहे, आणि आम्ही दोघं काठावर उभे आहोत.

"तुमचा फोन आला तवा मी भाकरी भाजत होते," ती सांगते. "बोललाव, वहिनी, आपला साकव पुस्तकात आला. करपली ती भाकरी."

तेवढंच बोललो होतो. पुढच्या रकान्यातला आकडा सांगितला नव्हता. तिचा आवाज आनंदलेला ऐकायचा होता, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. दादानं ते पान मागवून घेतलं, प्लास्टिकमध्ये घालून देवळात लावलं. दर वैशाखात आमची वाडी चार पोफळी तोडून पऱ्यावर साकव बांधते. गेल्या वैशाखात वाडी जमली आणि म्हणाली, सरकारी येतोय, मग फळत्या पोफळी कशाला मारायच्या? त्या वर्षी साकव बांधलाच नाही. आषाढात वहिनी पलीकडच्या अंगणवाडीत खिचडी शिजवायला निघाली, धोंड्यांवर पाय ठेवत. तिसऱ्या दिवशी दोन मैलांवर सापडली. मी गेलो, आणि दहाव्याच्या आधी परत आलो, कारण पावसाळी अधिवेशन होतं.

"कामाचं नाव जिवंत राहावं म्हणून ठेवलं होतं, वहिनी."

"राह्यलं ना?" टोमणा नाही. ती खरंच विचारतेय.

"राहिलं."

"मी न्हाय राह्यले."

पाणी तिच्या पोटऱ्यांना लागतंय. मी घाईघाईनं म्हणतो, "यंदा पैसे घालतो. कुठून तरी काढतो."

"कुठनं? कर तर वाढवत न्हाय."

मी चारशे बारा कामं मनात फिरवतो. कुठल्या शाळेचं छप्पर, कुठल्या दवाखान्याची विहीर. कुणाचं काढून घ्यायचं म्हटलं तर त्याच्याकडेही हजारच आहेत.

"मग माझं आयका," ती म्हणते. "ती ओळ खोडा."

"खोडली तर काम मेलं. परत यादीत यायला दहा वर्षं जातील."

"जाऊ देत. कोन येत न्हाय, ते वाडीला कळू दे. आपलं आपन बांधतील. धरा हे टोक."

ती सुंभाचं टोक माझ्या हातात देते. तिचं माहेर खाडीवरचं, बाप होडीवाला. साकवाची गाठ तिनं माहेराहून आणलेली. मला ती कधीच आली नाही. वाडी साकव बांधायची तेव्हा मला कुणी हात लावू देत नसे. हा साहेब होणार, याचे हात खराब नकोत. आता ती दोन वेढे घेते, टोक खालून काढते, पुन्हा वरून आत घालते.

"वडा. अजून वडा."

पाणी तिच्या कमरेला आलंय.

"वहिनी, वर ये."

"गाठीकडं बघा, भावजी. माझ्याकडं नको."

मी गाठीकडे बघतो. बघायला नको होतं. बाकं वाजतायत.

"साहेब, साडेचार झाले."

समोर छापखान्यातले घोसाळकर चहा घेऊन उभे आहेत. मी उठून बसतो. ते गठ्ठा सोडायला जातात आणि थबकतात.

"ही कुणी बांधली? माझी तर सुरगाठ असते."

सुतळीला दोन वेढे आहेत, टोक खालून येऊन पुन्हा वरून आत गेलंय. घोसाळकर नखानं ओढून बघतात, हलत नाही. ते कात्री उचलतात.

"थांबा. कापू नका."

मी कागद एकेक करून खालून सरकवून काढतो आणि मोकळा फास खिशात ठेवतो. मग साकवाच्या ओळीवर लाल पेन्सिलीनं रेघ ओढतो.

"वगळायचं?" घोसाळकर म्हणतात. "आमदार बोंब मारतील, साहेब."

"मारू देत."

सही करतो. बाहेर जिन्यावर येऊन दादाला फोन लावतो.

"दादा, यंदा पोफळी तोडा. सरकारी साकव येत नाही."

"पुस्तकात हाय ना?"

"आता नाही. आणि गेल्या वर्षी नुसतं नाव होतं, दादा. पैसे नव्हते. मला माहीत होतं."

मी शिवीची वाट बघतो. ती आली असती तर बरं वाटलं असतं.

"गेल्या साली सांगायचं हुतंस, अनंता," तो म्हणतो.

"हो."

"तोडू पोफळी." तो खोकतो. "पन बांधनार कोन? ती गाठ तुझ्या वहिनीशिवाय कुनाला येत नव्हती."

मी खिशात हात घालतो. सुतळी अजून ओली आहे.