उघाडीवरची कवायत

हरेश्वर कोळी ड्रिल मास्तर म्हणून शाळेत रुजू झाला त्या पहिल्याच सकाळी त्याने हेडमास्तरांच्या देखत एका पोराला उचलून वाळूत आपटलं. पोरगा आगऱ्याचा, दांडेखारचा. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या कोळ्याच्या पोराच्या तोंडावर तो थुंकला होता. मग हरेश्वरने त्या कोळ्याच्या पोरालाही कानाला धरून बाहेर ओढलं आणि सणसणीत दोन ठेवून दिल्या, कारण त्याच्या मुठीत दगड होता. दोघांचं नाक गळत असतानाच त्याने त्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि हेडमास्तरांना विचारलं, की आता सुरू करू का. हेडमास्तर आत जाऊन बसले.

किहीमच्या उत्तरेला एका खाडीच्या तोंडाशी बंदरपाडा हा कोळीवाडा आणि आतल्या अंगाला दांडेखार हे आगऱ्यांचं गाव. मधल्या माळावर बोर्डाची मराठी शाळा. दोन्ही गावांचं वैर उघाडीवरून. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आगऱ्यांनी खाडीला मातीचा बांध घातला होता. त्या बांधाला पाणी सोडायचं लाकडी दार होतं, तीच उघाडी. पावसाळा सरल्यावर ओहोटीला दार उघडलं की आतलं पाणी धो धो बाहेर पडतं आणि त्याबरोबर हातभर लांबीचा जिताडा येतो. आगरी म्हणायचे बांध आमचा, म्हणून मासा आमचा. कोळी म्हणायचे मासा खाडीचा, आणि खाडी आमच्या बापजाद्यांची. हा वाद दर आश्विनात त्याच बांधावर काठ्यांनी आणि वल्ह्यांनी चालायचा. त्या दोन गावांत कपाळावर खोक नसलेला बाप्या शोधून सापडला नसता.

बंदरपाड्याचा हरेश्वर जर्मन लढाईच्या काळात लष्कराच्या बोटींवर खलाशी म्हणून बसऱ्याला गेला होता. तिथे त्याने आपल्या बरोबरीची माणसं गोळीने कमी आणि तापाने, हगवणीने जास्त मरताना पाहिली. एका हवालदाराने त्याला कवायत शिकवली आणि तो जगला. निदान कवायतीमुळे जगलो अशी त्याची पक्की समजूत झाली. परत आला तेव्हा गावातली पोरं त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. हिवतापाने पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली, मांड्या काटकुळ्या, डोळे पिवळे. बोर्डाने शाळांतून कवायत शिकवायची टूम काढली तेव्हा तो चालत अलिबागला गेला आणि नोकरी मागून घेऊन आला.

गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. दिवसभर मिठागरात राबणाऱ्या पोराला हा दंड काढायला लावतो, मचव्यावर वल्हं मारणाऱ्याला हात वर-खाली करायला शिकवतो, म्हणून चावडीवर हसून हसून लोकांची पोटं दुखली. हरेश्वर ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणायचा, तुमची कोळ्यांची पोरं वरून बैल आणि खालून बगळे, आगऱ्यांची पोरं विशीतच म्हाताऱ्यासारखी पुढे वाकलेली. मी त्यांना सरळ करतो, मग बोला.

आणि त्याने खरंच सरळ केली. भल्या सकाळी ओल्या वाळूत पळवायचा, नमस्कार घालून घ्यायचा, हुतुतूत एकाच संघात आगरी आणि कोळी मुद्दाम कालवायचा. भिजवलेले चणे प्रत्येकाने घरून आणायचे आणि एकाच टोपलीत ओतून सगळ्यांनी त्यातलेच खायचे. दांडेखारच्या आया सुरुवातीला बोंबलल्या, मग पोरांना ताप येईनासा झाला तशा गप्प झाल्या. पण हे सगळं तो मारून करायचा, हे सांगितलंच पाहिजे. त्याच्या हातात निर्गुडीचा फोक असायचा आणि पोटऱ्यांवर वळ नसलेला पोरगा त्याच्या रांगेत नव्हता. लाडीगोडीने माणूस सुधारतो यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला लाडीगोडी कुणी दाखवलीही नव्हती.

सगळ्यांत कडक धडा अटेन्शनचा. शिट्टी झाली आणि ‘अटेन्शन’ म्हटलं की टाचा जुळल्या पाहिजेत, हात मांड्यांना चिकटले पाहिजेत, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत पापणीसुद्धा हलता कामा नये. पोरं अशी उभी असताना हरेश्वर त्यांच्या पायांत जिवंत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे सोडायचा. हलला की फोक. त्याचा हिशेब असा होता, की हुकमासरशी थांबता येणारी पोरं उद्या मोठी झाली की उघाडीवरसुद्धा थांबतील. त्याला दुसरं काही नको होतं. आपल्या हयातीत एक तरी आश्विन रक्तावाचून जावा, एवढ्यासाठी तो पोरांच्या पोटऱ्या फोडत होता.

या पोरांत त्याचा जीव कुणावर असेल तर तो काळूरामवर. दांडेखारच्या ठमाबाई नावाच्या रांडमुंड बाईचा हा एकुलता एक. आला तेव्हा हाडांचा सापळा होता. सातवीला गेला तोवर खांदे असे भरले, की बापाची जुनी बंडी त्याला शिवणीत फाटली. एकदा चिंबोरीने त्याच्या पायाचा अंगठा धरला, रक्त वाळूत मुरलं, पण काळूराम समोर बघत उभा राहिला. हरेश्वरने त्या दिवशी त्याची पाठ थोपटली. पोरांनी मास्तरला कुणाची पाठ थोपटताना पहिल्यांदाच पाहिलं.

सन एकतीसचा आश्विन आला. पाऊस भरपूर झाला होता, बांधाआड जिताडा मावत नव्हता आणि दोन्हीकडची डोकी आधीच तापलेली होती. पण या वर्षी दोन्ही गावांतल्या जाणत्यांना एकच अक्कल सुचली. घरात ही तयार पोरं आहेत, अंगाने आपल्यापेक्षा दणकट, दमाने आपल्यापेक्षा लांब, मग म्हाताऱ्या हाडांनी मार का खायचा? म्हणून त्यांनी सातवीची पोरं पुढे घातली. हरेश्वरने पोसलेली, चण्याच्या एका टोपलीतून खाल्लेली पोरं समोरासमोर काठ्या घेऊन उभी केली आणि बाप मागे राहिले.

हरेश्वरला शाळेत कळलं. तो पायातल्या वहाणा तिथेच टाकून धावत सुटला. बांधावर पोचला तेव्हा दार उघडलेलं होतं, पाणी कोसळत होतं, मासे चिखलात तडफडत होते आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका कोळ्याच्या पोराचे पुढचे दात पडले होते. एका आगऱ्याचं मनगट नको त्या दिशेला लोंबत होतं. हरेश्वरचा सख्खा थोरला भाऊ हिरामण हातात वल्हं घेऊन पुढे घुसला होता. त्याच्या भुवईवर दगड बसला होता आणि डोळा रक्ताने बंद झाला होता. त्याच्यासमोर काठी आडवी धरून काळूराम उभा होता आणि हिरामणचा प्रत्येक घाव तो काठीवर झेलत होता. चांगला झेलत होता. तेही हरेश्वरनेच शिकवलं होतं.

हरेश्वरने शिट्टी फुंकली आणि छाती फुटेल एवढ्या आवाजात ओरडला, “अटेन्शन!”

पोरं थांबली. आगऱ्यांची थांबली, कोळ्यांची थांबली. काठ्या चिखलात पडल्या, टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले. रक्ताने माखलेली दोन्ही गावांची पोरं एकदम खांबासारखी उभी राहिली. बाप्येसुद्धा चपापून जागीच थबकले. हरेश्वरला त्या घटकेला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला अभिमान वाटला. इतकी वर्षं खाल्लेल्या शिव्यांचं सोनं झालं असं वाटलं.

मग हिरामणने वल्हं उचललं. त्याला शिट्टी कळत नव्हती आणि अटेन्शन तर नव्हतंच नव्हतं. समोर आगरी होता आणि त्याचे हात खाली होते, एवढंच त्याला उघड्या डोळ्याने दिसलं. काळूरामने वल्हं येताना पाहिलं. त्याची मान हलली नाही. फक्त डोळे वळले आणि हरेश्वरकडे आले, पुढचा हुकूम मागत. हरेश्वरने तोंड उघडलं, पण घशातून शब्द फुटला नाही. वल्ह्याचं पातं कानाच्या वर बसलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला आणि काळूराम उभाच्या उभा पाण्यात गेला.

त्यानंतर बांधावर जे झालं त्याला मारामारी म्हणता येणार नाही. बाप्ये उभ्या पोरांवर तुटून पडले. कोळी आगऱ्यांच्या पोरांवर, आगरी कोळ्यांच्या. हलायचं की नाही हेच कितीतरी पोरांना उमजलं नाही. एकाची बरगडी आत घुसली, एकाचा जबडा निखळला, मग कुठे ती अटेन्शन मोडून पळाली. हरेश्वर कमरभर पाण्यात उतरून काळूरामला ओढत होता. काठावर आणल्यावर त्याच्या मांडीवर ते पोर थोडा वेळ घरघरलं आणि गेलं.

फौजदार आला. बंदरपाड्याच्या पंचांनी सांगितलं, पोरगा घसरून उघाडीच्या दगडावर आपटला. दांडेखारात निराळीच वदंता होती आणि ती जास्त वाईट होती. तिथले बाप्ये आपली लाज झाकायला म्हणायचे, ठमीचा पोर ऐन वेळी भ्याला, काठी टाकून थिजला. पोरांनी तोंड उघडू नये म्हणून घरोघर त्यांना तंबी दिलेली होती.

हरेश्वरने फौजदाराला खरं सांगितलं. हिरामणने मारलं, मी डोळ्यांनी पाहिलं. अलिबागच्या कोर्टातही तेच सांगितलं आणि सख्ख्या भावाला सक्तमजुरीवर धाडलं. वकिलाने विचारलं होतं, की एवढा दांडगा पोरगा, त्याने वार अडवला का नाही. हरेश्वर म्हणाला, ते मला सांगता येणार नाही. भावाला तुरुंगात घालणारं खरं त्याच्या तोंडून निघालं, स्वतःचं तेवढं निघालं नाही.

कोर्टातून परतल्यावर कोळीवाड्याने त्याला मासळी वाळवायच्या खळ्यात गाठलं. डांबर लावलेल्या दोरांनी सोलून काढलं, पडल्यावर लाथांनी तुडवून बरगडी मोडली. त्याची चुलती येसूबाई आडवी पडली नसती तर तिथेच संपला असता. त्याची होडी फोडून जाळली. बायको गोदूबाई माहेरी निघून गेली, कारण भावाला अडकवणाऱ्याच्या घरात पाणी प्यायलाही तिला चोरी झाली होती. शाळेतून ड्रिल उठलं. अंथरुणावर पडल्या पडल्या हरेश्वरला दोरांची आग सोसायची. सोसत नव्हते ते काळूरामचे डोळे. आणि त्याहून सोसत नव्हती ती दांडेखारची वदंता, की ते पोर भ्यालं. ती खोटी आहे हे सांगणं त्याच्या हातात होतं आणि तो सांगत नव्हता.

होळीनंतर मिठागरं भरात आली. हरेश्वर काठीच्या आधाराने उठला आणि भर उन्हात दांडेखारच्या मिठागरावर गेला. ठमाबाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून लांब दांड्याच्या लाकडी फळकुटाने मीठ ओढत होती. त्याला पाहून आजूबाजूचे लोक कामं टाकून गोळा झाले. कुणीतरी शिवी घातली. तिने हाताने त्या शिवी घालणाऱ्याला गप्प केलं.

“ठमाबाय,” हरेश्वर म्हणाला, “तुझा पोर भ्याला न्हाय. त्याचा हात का न्हाय उठला ता सांगाला आलोय.”

“मना म्हाईत हाय,” ती म्हणाली. “पोरांनी मना कवाच सांगला. तू कवा येतस ता बघत होती.”

हरेश्वरने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की शिट्टी मी मारली. हुकूम मी दिला. हलायचं नाही हे मीच त्याला फोकाने शिकवलं आणि तो एकटाच ते पुरतं शिकला. पुढचा हुकूम द्यायला माझं तोंड उघडलं नाही. कोर्टात हे बोललो नाही, कारण मला लाज वाटली.

ठमाबाईने फळकुट उचललं. पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा मोडलेल्या बरगडीवर. तो गुडघ्यांवर आला. मिठात त्याच्या तोंडातलं रक्त सांडलं. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी तिला अडवावं असं त्यालाही वाटत नव्हतं. तो मरायच्याच तयारीने आला होता. तिसऱ्या वेळी तिने फळकुट दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि नेम धरून खाली आणलं, तेव्हा हरेश्वरचा उजवा हात वर गेला. त्याने नेला नव्हता. तो गेला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ठमाबाई थांबली. फळकुटाच्या टोकाने तिने त्या वर गेलेल्या हाताकडे दाखवलं.

“बघ,” ती म्हणाली, “तुझा हात कसा आपोआप उठला. माझे पोराचा पन उठला असता.”

तिने फळकुट टाकलं आणि ती बांधाच्या दिशेने चालू लागली. मोडलेला हात डोक्यावर धरून हरेश्वर तसाच मिठात बसून होता. तो खाली घ्यायचा होता, पण काही केल्या घेता येईना.