भाजीच्या कप्प्यातलं बेणं

शांतावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धडगावात होते. छातीत कळ आली आणि शहाद्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं... जीपने घाट उतरताना मी नुसती चिडले होते. अगं, हे काय वय होतं का जायचं? आणि जायचं ते नणंदेला न विचारता?

माझ्या भावजयीचं सगळंच जगावेगळं. पपईला पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण लागतो. तो फस्त करणारे ढालकिडे ती लोणखेड्याच्या घरी वाढवायची. मागच्या खोलीत मांडणीवर डांगरं, म्हणजे लाल भोपळे, डांगरांवर ढेकूण, ढेकणांवर तिची काळी, तांबूस डोक्याची लेकरं. शेतकऱ्यांची मागणी नसली की त्यांना डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची, भाजीच्या कप्प्यात. मला काय माहीत! कोथिंबीर काढायला गेले, तर हातात मेलेल्या किड्यांचा डबा. "माय वं!" म्हणून ओरडलेच. वहिनी पोट धरून हसली. "मरेल नहीत, जपेल शेतस," म्हणाली, म्हणजे नुसते झोपलेत, आणि तिने डबा ओट्यावर सावलीत ठेवला. जरा वेळाने एक पाय हलला. मग दुसऱ्याचा. मग सगळा डबाच वळवळायला लागला... माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढे कितीदा पाहिलं, पण काटा दर वेळी आला. वहिनीला मात्र त्याचं काही नव्हतं. "उठनं म्हंजे जगनं नही, बाई. खाई तव्हय खरं," म्हणत ती त्यांच्यापुढे ढेकूण ठेवायची आणि पहिला घास पाहिल्याशिवाय उठायची नाही.

ती गेली आणि दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. मागच्या खोलीकडे कोण बघतो? डांगरं सडली, किडे उपाशी मेले. सगळं आटोपल्यावर मला फ्रिज आठवला. उघडला तर गार वाफ तोंडावर आली. ऐन उन्हाळा, माणसांना थंड पाणी हवं, म्हणून कुणीतरी बटण शेवटापर्यंत फिरवून ठेवलेलं! कप्प्यातली मिरची काचेसारखी कडक झालेली. वहिनीने इतक्या वर्षांत जपलेलं बेणं आता त्या एका डब्यात उरलं होतं. हे गेलं तर तिच्या हातचं काहीच राहणार नव्हतं. मला रडूच कोसळलं.

माझा भाऊ, नाना, म्हणाला, "फेकी दे. तीच गई, आते काय?" मी म्हटलं, "गप बस!" शेजारच्या शेतातून ढेकूण लागलेलं पपईचं पान आणलं आणि डबा ओट्यावर ठेवला. नाना पाठ फिरवून बसला. बराच वेळ काहीच नाही. बहुतेक मेलेलेच होते... मग कडेच्या एकाने पाय हलवला. मग आणखी दोन-चार. नाना कधी सरकून जवळ आला, कळलंही नाही. आयुष्यभर त्याने त्या किड्यांना बोट लावलं नव्हतं. आता त्यानेच पान पुढे केलं. एक किडा अडखळत चढला, थांबला. मग त्याने त्या पांढऱ्या कापसात तोंड खुपसलं.

नाना ताडकन उठला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "अवं, आठे ये! खाई ऱ्हायना देख!"

आणि खरं सांगते, मीही दाराकडे पाहिलं.