दहावं ठिबक

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे दोन ठिकाणी मी हजर नव्हतो आणि एका ठिकाणी जीपमध्ये झोपलो होतो. पण झोपेतसुद्धा माझे कान ड्युटीवर असतात!

भिवंडीत शेती-पाण्याच्या एका ऑफिसात मी क्लार्क होतो. तिथे फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फायल निदान पुढच्या टेबलावर ढकलता येते. किस्से कुठे ढकलायचे? म्हणून तुमच्यावर ढकलतोय.

सगळ्यांच्या हातात नुकताच मोबाईल आला होता आणि बोलण्यापेक्षा मिस्ड कॉलच जास्त दिले जायचे, तेव्हाची गोष्ट. सरकारने योजना काढली. शेतकऱ्याने सबसिडी घेऊन शेतात ठिबक बसवायचं आणि त्यावर दोन तरुणांना कामाला ठेवायचं. पाणी वाचेल, पोरं मार्गी लागतील! आम्हाला टार्गेट दहा संचांचं. त्यासाठी वैशाली नावाच्या पोरीला अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलं. जवळच्याच कोन गावची, कृषी पदविका झालेली. मार्चअखेर दहाही संच चालू दिसले तर ऑर्डर वाढणार, नाहीतर घरी.

"घरी कसली, काका! काल्हेरच्या गोदामात," ती मला म्हणायची. "एवढं शिकून मी खोक्यांना टेप लावत बसू का?"

सगळी शेतं गोदामांखाली चाललेली, आणि ही ठिबकासाठी शेत शोधत स्कूटीवर हिंडतेय!

*

जुलैत एका गावात तिने ओटीवरच्या म्हाताऱ्याला थेंबाथेंबाचं महत्त्व वीस मिनिटं समजावलं. बाहेर मुसळधार.

म्हातारा म्हणाला, "पोरी, चार महिने आमच्याकडं आभाळच ठिबकतंय. त्याला सबसिडी हाय का?"

"उन्हाळ्यासाठी आहे हो, आजोबा."

"उन्हाळ्यात शेतच न्हाय ऱ्हायाचं. गोदामवाला परवाच मोजून गेला!"

*

काल्हेरच्या बाळारामशेठनी मात्र हौसेने अर्ज केला. फायल मंजूर होऊन परत येईस्तोवर त्यांच्या शेतावर गोदाम उभं! आमचे साहेब आणि वैशाली पाहणीला गेले. पत्र्याच्या भिंतीकडे बघत साहेब म्हणाले, "शेठ, ठिबक कुठाय?"

शेठनी शटर वर केलं. आत छतापर्यंत ठिबकाच्या नळ्यांची वेटोळी! नळ्यांच्या कंपनीनेच गोदाम भाड्याने घेतलं होतं.

"ह्याच सर्व्हे नंबरात हाय ना? एक संच मागितला व्हता, पाश्शे हायत. मोजा!"

साहेब टार्गेटात धरायला लगेच तयार. वैशाली म्हणाली, "एकही चालू नाहीये, सर."

साहेब आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

*

ठिबक बसलं तरी तरुण कुठून आणायचे? सगळे गोदामात. एका शेतकऱ्याने नारपोलीच्या यंत्रमागांवरून सलीम नावाचा लूम कारागीर आणला. सलीमने शेतात पाय ठेवताच विचारलं, "शिफ्ट कितने की? और मशीन किधर है?"

शेतकऱ्याने भेंडीकडे बोट दाखवलं. "यही मशीन."

चौथ्या दिवशी उंदरांनी नळी कुरतडून तिचे दोन तुकडे केले. सलीमने आयुष्यभर एकच केलेलं. धागा तुटला की गाठ! हात आपोआप चालले. दोन्ही टोकं ओढून त्याने नळीला गच्च गाठ मारली. पुढची सगळी भेंडी वाळली.

वैशाली ओरडली, "अरे, ये क्या किया?"

"टूटा तो जोड दिया, मॅडम. खींच के देखो, जनम में नहीं टूटेगा!"

"और पानी?"

"पानी का किसी ने बोला ही नहीं!"

*

दुसऱ्या एकाने स्वतःचा पोरगा आणि पुतण्या कामावर दाखवले. साहेबांनी पोराला विचारलं, "तुझी ड्युटी काय?"

"सकाळी कॉक सोडायचा."

पुतण्या म्हणाला, "संध्याकाळी बंद करायचा."

"आणि मधे?"

"मधे दोघांनी लक्ष ठेवायचं."

साहेब खूश. "अगदी आपल्या ऑफिससारखं आहे. मंजूर!"

*

असे रडतखडत नऊ झाले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याहून मोठे साहेब तपासायला आले. नऊ पाहून झाले. दहावं ठिबक दामूशेठचं. शेतावर गेलो तर नुसती ढेकळं! नळ्या गायब. वैशालीचा चेहरा पांढराफटक. तिने शेठना फोन लावला.

"ठिबक? चालू हाय ना! नारपोलीला या."

नारपोलीला दामूशेठचा लूमचा कारखाना. खडखडाट असा की शेजारी उभा असलेला माणूस लांबचा वाटावा. वर छताच्या लोखंडी कैच्यांना आमच्या नळ्या बांधलेल्या, आणि लूमच्या मधल्या वाटांवर टपटप टपटप!

दामूशेठ ओरडून सांगू लागले, "उन्हाळ्यात धागा सुकतो, सारखा तुटतो! आता हवा ओली ऱ्हाते. एक शिफ्ट बंद न्हाय!"

मोठ्या साहेबांनी शांतपणे फॉर्म काढला. "ठिबक चालू?"

वैशालीने वर पाहिलं. "चालू आहे, सर."

"पाण्याची बचत?"

"आधी बादल्याच्या बादल्या ओतायचे, सर. आता थेंबच."

"तरुणांना काम?"

तिने डोकी मोजली. "दोन हवे होते, सर. चोवीस आहेत."

नऊ शेतांवर मिळून एवढे नव्हते!

"पीक?"

दामूशेठ मधेच म्हणाले, "कापूस, साहेब! डायरेक कापडच निघतं!"

"शेत नाहीये, सर," वैशाली म्हणाली. "शेत सोडून सगळं आहे."

मोठ्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात पाहिलं. तिथे कारागीर जेवणाचे डबे धुवायचे. फरशीच्या फटीतून टोमॅटोचं एक रोप वर आलेलं, नेमकं थेंबाखाली. त्याला दोन टोमॅटो. साहेब वाकले, एक टोमॅटो बोटाने हलवून पाहिला आणि लिहिलं, "पीक: टोमॅटो. स्थिती: जोमदार."

वैशालीची ऑर्डर वाढली.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. टोमॅटोचं रोप गोष्टीत मी घातलं. कोपऱ्यात नुसती ओली फरशी होती.

'जोमदार' मात्र साहेबांचंच.