डाव सोडून कोण गेलं

खाणीतून रिटायर झाल्यावर बाबा वणीतच राहिले आणि त्यांचे दोस्त झरी जामणीकडच्या आपल्या गावी शेतीवर निघून गेले. मी त्यांना काका म्हणते. दोघं कित्येक वर्षं एकाच वजनकाट्यावर होते. ट्रक नसला की फरशीवर कोळशानं रेघा ओढून वाघ-बकरी मांडायचे. काका गेले आणि बाबा आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसू लागले. मला ते बघवेना. गेम बनवायचा शौक मला आहेच, म्हटलं, दोघांना मोबाईलवर वाघ-बकरी करून देऊ.

पट, वाघ, बकऱ्या हां हां म्हणता झाल्या. घोडं अडलं ते नेटवर्किंगच्या लायब्ररीपाशी. म्हणजे दोन मोबाईलना एकमेकांशी बोलायला लावणारा, दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला कोड. इंटरनेटवर जो तो एकाच लायब्ररीचे गोडवे गात होता. शंभर खेळाडू एकदम धावोत, गोळ्या झाडोत, ती क्षणाक्षणाची खबर पोचवते म्हणे. मी हुरळून तीच घेतली. वाघ-बकरीत कुणी धावत नाही, एवढंही डोक्यात आलं नाही.

पहिला डाव रंगला. काकांचे वाघ जोरात होते. आणखी एक बकरी खाल्ली की ते जिंकणार होते. तेवढ्यात त्यांच्याकडची रेंज गेली. त्या गावात ती विहिरीजवळच्या उंचवट्यावर सापडते आणि लहर आली की जाते. लायब्ररीनं क्षणभर वाट पाहिली आणि दोन्ही मोबाईलवर निरोप झळकला: समोरचा खेळाडू डाव सोडून गेला. तुम्ही जिंकलात.

बाबांनी मोबाईल पालथा ठेवला.

"काट्यावर गाडी आली तरी आम्ही डाव मोडत नव्हतो. दुपट्टा टाकून झाकून ठेवत होतो. आन् हा जिंकता जिंकता उठून गेला! माह्यासंग बसाचा कंटाळा आला त्याले."

"बाबा, रेंज गेली हो."

"मंग फोन कराव ना त्यानं."

तिकडे काकाही नेमकं हेच म्हणत होते, हे काकूंकडून कळलं. दोघंही जिंकले होते आणि दोघंही रुसले होते. मला धास्तीच बसली. इतक्या वर्षांची दोस्ती माझ्या हौसेपायी तुटायची.

मी पुन्हा शोधायला बसले. या वेळी एकच बघायचं होतं: माणूस मधेच उठून गेला तर ही लायब्ररी काय करते? बहुतेक सगळ्या त्याला सरळ हरवतात. शेवटी एक बारकीशी सापडली. माहितीचं एकच पान, कौतुक करायला कुणी नाही. चाल मोबाईलमध्ये जपून ठेवायची, रेंज आली की पाठवायची, पोचली की सांगायचं, बस. कुणाला घाई असेल तर त्यानं दुसरीकडे जावं, अशा स्वभावाची. मला ती फार आवडली.

काकूंनी काकांच्या मोबाईलवर नवा गेम चढवून घेतला आणि मी मोडलेला डाव होता तसा मांडून दिला. चाल बाबांची होती. बराच वेळ पटाकडे बघून त्यांनी एक बकरी थेट वाघाच्या तोंडाशी नेऊन ठेवली.

"बाबा, ती खातील ना काका! डाव जाईल तुमचा."

"जाऊ दे. मी पयले उठलो असं वाटून राह्यलं ना त्याले? घे म्हणा, जिंकला तू."

चाल पोचल्याची खूण आली. उत्तर मात्र येईना. बिघाड असावा म्हणून मी कोड दोनदा तपासला. काही सापडलं नाही. चाल काकांपर्यंत पोचली होती, तेच खेळत नव्हते. बाबा मोबाईल घेऊन अंगणात जात आणि तसेच परत येत.

मग एका सकाळी आम्ही तुरीच्या शेंगा सोलत असताना मोबाईल वाजला. काकांनी पार दुसऱ्या कोपऱ्यातला वाघ एक घर सरकवला होता. बकरी जागच्या जागी होती.

"खाल्ली नाई वं त्यानं," बाबा म्हणाले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. त्यांनी सरळ फोन लावला. "काहून खाल्ली नाई बे? समोर तं होती!"

"दिसली ना मले," काका म्हणाले. "खाल्ली असती त डाव सरला असता ना."