मागं पाहू नका

बाजाराच्या दिवशी सत्तारभाई भोंगा सुरू करायचा आणि आधी काहीच बोलायचा नाही. बाकीचे अनाउन्सर घसा फाडून ओरडत. हा माईक तोंडाजवळ धरून नुसता श्वास घ्यायचा. तो श्वास भोंग्यातून घाटंजीच्या साऱ्या बाजारावर पसरायचा. वांगी तोलणाऱ्याचा हात थांबायचा, गिऱ्हाईक बोलता बोलता गप व्हायचं. मग सत्तारभाई अगदी हळू म्हणायचा, "मागं पाहू नका." की सारा बाजार मागं पाहायचा! मागं कोणीच नसायचं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहून हसायला लागले की मग तो पिक्चरचं नाव सांगायचा.

रिक्षा माझा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुष्कळ लोक मला टॉकीजचा नोकर समजत. मी चौथी शिकलो, पण नोकरी कोणाची केली नाही. माझा सायकलरिक्षा, दोन्ही बाजूंनी पोस्टरच्या पाट्या, वर भोंगा, मागच्या सीटवर सत्तारभाई आणि पायडलवर मी. सत्तारभाई माणूस बुटका. डोळ्यात सुरमा, कुडता इस्त्रीचा. भुताचा पिक्चर लागला की त्याचं अंग हलकं व्हायचं. पण तो पिक्चर तो स्वतः कधी पाहायचा नाही. शो सुरू झाला की बाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. मी विचारलं, तर म्हणे, "मले भेव लागते ना, गुलाबभाऊ. मिठाईवाला मिठाई खाते काय?"

एकदा एका नवरीच्या भुताचा पिक्चर आला होता. बांगड्यांच्या दुकानांजवळ रिक्षा उभा करायला लावून हा म्हणाला, "सासूनं छळून मारलेली सून हाय बाई, बदला घ्याले आली." तांड्यावरच्या बंजारा बाया दिसल्या की तेच त्यांच्या बोलीत, "याडी, याडी" म्हणजे आई, आई करून. स्टँडवर पोरांचा घोळका दिसला तर आवाजच बदलला. "छातीत दम असन त्यानंच तिकीट काढा. बाकीच्यानं मायच्या पदराखाली बसा!" आणि शाळेपुढे मास्तर लोक दिसले तेव्हा शुद्ध भाषेत, "घडलेली गोष्ट आहे असं म्हणतात, गुरुजी. खरं-खोटं तुम्हीच येऊन सांगा." मी रिक्षा थांबवून विचारलं, "सत्तारभाई, भूत तर एकच हाय न?"

"भूत एकच हाय. भेव ज्याचं त्याचं न्यारं असते."

टॉकीज अर्धी रिकामी असली की डोअरकीपरला तो बजावायचा, लोकांना दूर दूर बसू देऊ नको, खेटून बसव. मालक चिडायचा. त्याला तो सांगायचा, "सेठ, अकेले आदमी को डर नहीं बिकता. आदमी डरता है तो बाजूवाले का हाथ पकड़ता है. अपन वो हाथ बेचते हैं." मालकाला हे समजलं नाही. खरं सांगतो, मलाही तेव्हा समजलं नव्हतं.

त्याची चूक झाली ती उताऱ्यात. एका पिक्चरसाठी त्यानं नवीन डोकं लढवलं. बाजाराच्या दिवशी सकाळीच टॉकीजपुढच्या तिवाट्यावर उतारा मांडला. द्रोणात भात, त्यावर कुंकू, हळद माखलेलं लिंबू, काळी बाहुली. सारं सामान त्यानं स्वतः आणलेलं. मी म्हटलं, "सत्तारभाई, हे नोको करू. लोक उतारा ओलांडत नाही."

"अबे, म्हणूनच तर ठेवून राह्यलो! लोक थांबन, गर्दी करन, बोलन. मंग मी भोंग्यावर सांगतो, याचा जवाब आत पडद्यावर हाय."

लोक थांबले. पण लांबूनच. बायांनी लेकरांच्या डोक्यावर पदर टाकला आणि साऱ्या जिनिंग मिलच्या रस्त्यानं वळून गेल्या. दुपारच्या शोला खिडकीवर चिटपाखरू नाही. सत्तारभाईनं भोंग्यावर सांगितलं, "उतारा झूठा हाय, अपनच ठेवला." कोणाचा विश्वास बसेना. टॉकीज भरायसाठी खोटं बोलून राह्यला, म्हणे. झाडूवालीला उचल म्हटलं तर ती कमरेवर हात ठेवून उभी. "ज्यानं ठेवला त्यानं उचलावा. माही लेकरं लहान हाय."

मग तो स्वतः गेला. साऱ्यांच्या देखत द्रोण उचलला. चहावाल्याला म्हणाला, गिलासभर पाणी दे, याचं शरबत करून पितो. चहावाल्यानं गिलास दिला नाही. तेव्हा त्यानं लिंबू कुडत्याला पुसलं, दातानं फोडलं आणि चोखलं. "पाहा! मेलो काय?" पहिल्यांदा असं झालं की सत्तारभाई बोलला आणि कोणी हसलं नाही.

त्याच पावसाळ्यात त्याची बायको, जैनबभाभी, काविळीनं गेल्या. मूलबाळ नव्हतं, घरात ती दोघंच. दवाखान्याच्या माणसानं सांगितलं, पाण्याचा दोष. पण गावानं आपला दोष शोधून ठेवला होता. लिंबू चोखलं ना! त्यानंतर त्याच्या घरचं पाणी कोणी पिईना. मोहल्ल्यातले लोक मशिदीत सलाम करत, पण त्याचा उंबरठा चढत नसत. बाजारात तो समोरून आला की बाया लेकराला दुसऱ्या बाजूनं घेत. ईदच्या दिवशी तो इस्त्रीचा कुडता घालून दारात बसायचा. आत शिरखुर्म्याचं भगोनं झाकलेलं. येणार कोण? मी जायचो. मला कोणी जाऊ नको म्हटलं की मी जातोच, हा माझा स्वभाव. मी घरी आलो की माझी बायको मला दारातच हातपाय धुवायला लावायची. मी धुवायचो, पण पुढच्या ईदला पुन्हा जायचो.

एकदा मी त्याला म्हटलं, "गाव सोड. नेरले तुह्या भावाकडं जाय."

"कायले? तेथं मले कोण ओळखते?" तो म्हणाला. "इथं निदान भेतात तरी."

हे तो हसून म्हणाला.

पुढे टॉकीज बंद पडली. आता तिथे खताचं गोदाम आहे. माझा रिक्षा छपराखाली गंजला, भोंगा मी पुसून ठेवला. आम्ही दोन म्हातारे त्याच्या ओट्यावर बसायचो. माझी बायकोही गेली होती, त्यामुळे आता हातपाय धुवा म्हणणारं कोणी नव्हतं.

मागच्या दिवाळीत नात यवतमाळहून आली. तिनं मला मोबाइलवर भुताच्या नव्या पिक्चरची जाहिरात दाखवली. "आबाजी, यात लिहिलंय, कानात हेडफोन घाला, दार लावा, एकट्यानं पाहा." मी ती जाहिरात सत्तारभाईला दाखवायला तिला घेऊन गेलो. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. भूत आलं तेव्हा खरंच दचकला आणि बाजूला माझं मनगट होतं, ते घट्ट धरलं. नात हसली. तो मोबाइल परत देत म्हणाला, "चांगली हाय. पण एकट्यानं पाहा म्हणते. मंग हात कोणाचा पकडाचा, बेटा?"

 आम्ही तिथून उठेपर्यंत त्यानं माझं मनगट सोडलं नाही.

उन्हाळ्यात तो गेला. सकाळी चहा घेऊन गेलो तर दार उघडंच, आणि तो झोपल्यासारखा. बाजाराचा दिवस होता. मशिदीतून पुकारा झाला. मोहल्ल्यातले चार खांदे मिळणार हे मला माहीत होतं, तेवढं सारेच करतात. पण ज्या बाजाराला त्यानं आयुष्यभर हसवलं, त्यातलं एक माणूस त्याच्या दारी येऊ नये? मला ते सहन होईना. मी रिक्षा काढला, चाकात हवा भरली, भोंगा लावला.

माईक मी जन्मात धरला नव्हता. भाजीच्या ओळीत उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटेना. भोंग्यातून नुसता माझा श्वास जात होता. बाजार थांबला. म्हाताऱ्या माणसांनी माना वर केल्या.

"सत्तारभाई गेला," मी म्हटलं. "दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर नेऊन राह्यले. त्यानं ज्याले ज्याले भेव दाखोलं, त्यानं यावं. भ्याचं काही नाही."

 मग मिरच्या विकणारी एक म्हातारी म्हणाली, "आता मागं पाह्यलं तर चालते काय, गुलाबभाऊ?"

मी माईक बंद केला. गुडघे पायडल मारू देत नाहीत, म्हणून रिक्षा हातानंच ढकलत त्याच्या घराकडे निघालो. टॉकीजच्या रस्त्यानं. तिवाटा आला, जिथे तो उतारा होता, तिथूनच सरळ गेलो. माझ्या मागून चपलांचा आवाज येत होता. थोडा होता की जास्त, मला सांगता येणार नाही.

मी मागं पाहिलंच नाही.