निळं दार

ऑइल पेंटचा वास आला की मला जुईनगरचा आमचा भाड्याने दिलेला फ्लॅट आठवतो. तिथे मोरा गावातलं एक जोडपं राहायला आलं होतं, सोबत नवऱ्याची म्हातारी आई. भिंतींना, दारांना रंग लावायचा नाही, असं मी करारातच लिहून घेतलं होतं. एका रविवारी सकाळी गेलो, तर पांढऱ्याशुभ्र घरात संडासाचं दार गडद निळं! "अहो, विचारायचं तरी!" मी चिडलोच. भाडेकरू मान खाली घालून म्हणाला, "काका, आई हल्ली इसरते. सगली दारं सारखी, तिला संडास गावायचा नाय. कपडे खराब झाले का दिवसभर रडत बसायची." तेवढ्यात म्हातारी खोलीतून आली आणि भिंतीला हात टेकत, कुणालाही न विचारता, थेट निळ्या दाराशी गेली. आत जाऊन तिने दार ओढून घेतलं. "खालची कड राहिलीय, तेवढी रंगवून घ्या," एवढंच म्हणालो आणि त्याच्या बायकोने दिलेला चहा घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक करारातली रंगाची अट मी सही करण्याआधी स्वतःच्या हाताने खोडत आलोय.